कॉफीचं दळण

माझ्या लहानपणी आमच्या घरी कॉफी व्हायची ती कुणाला ताप आला तर, नाहीतर आईचा उपास असला तर. साखर घातलेल्या कॉफीच्या वड्या दुकानात मिळायच्या. त्यातली एक वडी उकळत्या दुधात कुस्करायची आणि वरून भरपूर जायफळ किसून घालायचं. ती पिऊन माणूस तरतरीत व्हायच्या ऐवजी अर्ध्या तासात पेंगायला लागायचा. आई उपासाच्या दुपारी जी डाराडूर झोपायची, ती उपासाने दमून नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. बाबांना तर कॉफीचं नावही नको असायचं. 'करपलेल्या चिंचोक्याचं पाणी' म्हणायचे आणि आपला चहाचा कप पुढे ओढायचे. अशा घरातल्या मुलीने म्हातारपणी कॉफीवर पानं भरावीत याचं माझ्या नातींना हसू येतं. येऊ दे. त्यांना कॉफी यंत्रातून मिळते, मला ती गिरणीतून मिळाली.

बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची पिठाची गिरणी होती. पुढे गिरणी, मागे दोन खोल्या, त्यामागे कोंबड्यांचं खुराडं. गिरणी सुरू झाली की पट्ट्याची फटफट आणि दगडांची घरघर यात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही सगळे ओरडून बोलायचो. ती सवय अजून गेली नाही. माझे यजमान लग्नानंतर वर्षभर समजत होते की मी कायम त्यांच्यावर रागावलेलीच असते. संध्याकाळी बाबांच्या भुवया, मिशा, कानातले केस सगळं पांढरं झालेलं असायचं आणि आई त्यांना अंगणातच अडवून फडक्याने झटकायची, मगच घरात घ्यायची.

गिरणीत येणारी बाई आधी एकच प्रश्न विचारते, आताच्या आधी काय दळलं? गव्हावर गहू दळलेला चालतो, तांदळावर तांदूळ. बाजरीवर कुणी आपला गहू टाकू देत नाही, पोळी काळी पडते. डब्यांची ओळ लावायची ती या हिशेबाने. दगडाजवळ एक लोखंडी चाक असतं, ते आवळलं की दगड जवळ येतात आणि पीठ बारीक पडतं, सैल सोडलं की भरड. बारीक म्हणजे माणसांचं, भरड म्हणजे गुरांचं, एवढं मला चालता येण्याआधी कळलं असेल. बाबांचं पीठ अख्ख्या पंचक्रोशीत बारीक म्हणून नावाजलेलं होतं. किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या कोळणी बाजाराचा दिवस संपवून, रिकाम्या टोपल्यांत तांदूळ घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "भाऊचा पीठ हाताला लागत नाय, नुसता वारा."

दहावी झाली आणि मी गिरणीत बसायला लागले. सुरुवातीला नुसती डबे लावायला, मग पीठ भरायला. पिठाने बाबांच्या छातीची वाट लावली होती. जिना चढायचा म्हटला की दम लागायचा, आणि पाऊस पडला की खोकला थांबायचा नाही. मला भाऊ नव्हता. काकांची सफाळ्याला भातशेती होती आणि त्यांचा दिनेश, आमचा दिन्या, घरी रिकामा होता. काका दर महिन्याला यायचे आणि जाताना तेच म्हणायचे, "दादा, दिन्याला घ्या. पोरीच्या जातीला गिरणी झेपाची नाय." बाबा हो म्हणत नसत, नाहीही म्हणत नसत. मला मात्र ती गिरणी हवी होती. का हवी होती ते धड सांगता येणार नाही. तिथे मला सगळे विचारत, मी लावलेली ओळ चालायची, आणि घरात बसून कुणी बघायला येण्याची वाट पाहण्यापेक्षा ते हजार पटीने बरं होतं. शेवटी मी बाबांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत बस. बघतो. पन गिऱ्हाइकाचा एक जरी दळन बिघडला, तर दिन्याला बोलावनार."

मामी आमच्याकडे त्याच्या आधी दोन-तीन वर्षं येत होत्या. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीत राहणाऱ्या, मद्रासकडच्या, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. सगळी कॉलनी त्यांना मामी म्हणायची, म्हणून आम्हीही. पहिल्यांदा आल्या त्या हातात पितळी डबा घेऊन. झाकण उघडलं आणि काय सांगू, अख्ख्या गिरणीत वास भरला. घरी भाजलेल्या, काळ्या-तपकिरी, तेलाने चकाकणाऱ्या बिया. त्यांचं हाताने फिरवायचं छोटं यंत्र मोडलं होतं. "भाऊ, काफी है. पीस के देगा?" बाबांनी मान हलवली. "हे काय धान्य हाय? माझा दगड बाटंल." मामी हलल्या नाहीत. डबा तसाच धरून उभ्या राहिल्या, आणि मागे ओळीतल्या बायका कुरकुरायला लागल्या तेव्हा बाबांनी वैतागून एकदाची ती कॉफी दळली.

त्यानंतर दांडीच्या एका मावशीचे तांदूळ पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दारात हजर, हातात अर्धी भाकरी. "भाऊ, ह्या खा. तू खाऊन बघ. माझा धनी म्हंतो, भाकरीत विडी इझवली काय कोनी?" बाबांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि चेहरा असा केला की मला हसू आवरेना. मावशीला दुसरे तांदूळ फुकट दळून दिले. पण मामींना येऊ नका म्हणायची बाबांची हिंमत झाली नाही, त्यांच्या मागे कॉलनीतली पंधरा घरं उभी होती. मग नियम ठरला. शुक्रवारी आमच्या भागात वीज नसायची. उशाशी वीज तयार व्हायची आणि आम्ही शुक्रवारी हात बांधून बसायचो, ती गोष्ट वेगळी. तर गुरुवारी संध्याकाळी सगळं दळण संपलं की शेवटी कॉफी. शनिवारी सकाळी आधी शेरभर तांदळाची कणी टाकून दगड धुवून काढायचे, मगच गिऱ्हाईक. ती वासाची कणी कोंबड्यांना घालायची. त्या दिवशी आमच्या कोंबड्या खुराड्यात बसत नसत, हे मी शपथेवर सांगते.

आईची आणि मामींची गट्टी जमली ती या गुरुवारांमुळे. मामी तिला माझ्या नावाने 'हेमा अम्मा' म्हणायच्या. एकदा मामी आम्हाला घरी घेऊन गेल्या. स्वयंपाकघरात ओट्यावर पितळेचा फिल्टर, दोन मजली. वरच्या मजल्याला तळाशी बारीक भोकं. त्यात कॉफी भरायची, हलकी दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि गप्प बसायचं. खाली थेंब थेंब काळा अर्क जमतो. मामी त्याला हात लावू देत नसत, हलवू देत नसत. आईला ते बसणंच सहन होईना. "उकळवली असती तर एव्हाना पिऊन भांडी घासून झाली असती," ती माझ्या कानात म्हणाली, म्हणजे ओरडलीच. मग दाट दूध, थोडी साखर, आणि मामींनी स्टीलच्या पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात, हात डोक्याच्या वर नेऊन ती ओतली. वर फेसाचं टोपलं. पहिला घोट घेतला आणि मला कडू लागला. दुसरा घेतला तेव्हा कडूच्या मागे काहीतरी गोड, भाजलेलं, शेंगदाण्याच्या साली हाताला लागतात तसं खरखरीत आलं, आणि तिसऱ्या घोटाला पेला संपला. माझे कान गरम झाले होते. आईने मात्र पेला खाली ठेवून प्रामाणिकपणे सांगितलं, "चांगली हाय मामी. पन जायफळ पायजे होता." मामींनी कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून मी दर गुरुवारी डबा पोचवायच्या निमित्ताने तिथे टपकायचे. आजही सकाळी माझा फिल्टर टपकत असताना माझ्याशी कुणी बोललेलं मला खपत नाही.

दिवाळी महिन्यावर आली आणि मामींच्या गीताचं लग्न ठरलं. नवऱ्या मुलाकडची पन्नासेक माणसं मद्रासहून येणार. मामी आईला म्हणाल्या होत्या, जेवणात मीठ कमी पडलं तर ते माफ करतील, पण सकाळच्या पहिल्या कॉफीत खोट निघाली तर गीताच्या सासरी ती दहा वर्षं काढली जाईल. आईला वाटलं, त्या वाढवून सांगताहेत. मला तसं वाटलं नाही. मी मामींचा चेहरा बघितला होता.

त्या गुरुवारी बाबा छातीच्या डॉक्टरांकडे पालघरला गेले होते. मामींचे यजमान ड्यूटीवर जाता जाता सायकलवरून दोन मोठे डबे उतरवून गेले. "शादी का है, बेटी. अच्छा करना," एवढंच म्हणाले. आतापर्यंत कॉफी नेहमी बाबाच दळायचे. संध्याकाळी ओळ संपली, मी दगड स्वच्छ केले, कणी टाकून घेतली, सगळं रीतसर. मग चाकाशी आले. आता मला माहीत नव्हतं असं म्हणून सुटता येणार नाही. बाबा कॉफीच्या वेळी चाक सैल सोडतात हे मी शंभरदा पाहिलं होतं. पण माझ्या डोक्यात काय होतं, तर बाबा या कामाला कंटाळतात, म्हणून कसंबसं भरडून देतात. गुरांच्या आंबोणासारखी भरड कॉफी, आणि तीसुद्धा लग्नाला? मी ते चाक आवळलं. नाचणीला आवळतो तितकं, आणि वर थोडं आणखी. पीठ जे पडलं ते काजळासारखं. चिमटीत धरलं तर बोटांच्या रेषांत जाऊन बसायचं. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. डब्याला झाकण लावताना मला वाटलं, आता बघा म्हणावं, पोरीच्या जातीला झेपतं का ते.

लग्नाच्या दिवशी उजाडताच आई आणि मी रांगोळीसाठी तांदळाचं पीठ घेऊन मामींकडे गेलो. स्वयंपाकघरात ओळीने आठ-नऊ फिल्टर मांडलेले, कॉलनीतल्या घराघरातून गोळा केलेले. आणि मामी, रेशमी लुगडं नेसून, एकेका फिल्टरवर चमच्याने टकटक मारत होत्या. "उतरता नहीं है, हेमा अम्मा. एक घंटा हो गया. उतरता ही नहीं." मी एका फिल्टरचं झाकण उघडलं. वर पाणी जसंच्या तसं उभं, खाली भोकांवर चिखल थापावा तशी कॉफी बसलेली. त्या क्षणी मला सगळं समजलं. चाक, बाबांचं सैल सोडणं, सगळं. मी ते पिठाचं भांडं पोटाशी घट्ट धरून उभी राहिले. पलीकडच्या खोल्यांतून पाहुण्यांचे आवाज यायला लागले होते. मामींचे डोळे भरले. "मैंने बहुत काला भून दिया क्या?" त्या स्वतःलाच विचारत होत्या. मी तोंड उघडलं नाही.

आई मात्र पदर खोचून मोकळी झाली. "उकळू या," ती म्हणाली.

"काफी? उबालना?" मामी अशा मागे सरल्या, जणू आईने त्यांना मासळीच वाढली होती. "नहीं, नहीं. वो लोग फेंक देगा."

"आनि नाय दिली तर काय करनार? मामी, माझ्याकडं बघा. पोरगी तुमची हाय, मला ठावं हाय. कोरा पंचा हाय का घरात?"

पंचा नव्हता. मामींच्या यजमानांना लग्नासाठी आणलेलं नवं कोरं धोतर होतं. आईने ते मधोमध फाडलं. त्या फाडण्याचा आवाज ऐकून मामींनी डोळे मिटून घेतले. कापडाची खळ आईने दोन वेळा उकळत्या पाण्यात काढली, मोठ्या पातेल्यात पाण्याला उकळी आणली, पातेलं खाली उतरवून मग त्यात कॉफी घातली आणि ताट झाकलं. जरा वेळाने थंड पाण्याचा हबका मारला, गाळ तळाला जावा म्हणून. मग आईने आणि मी दुहेरी कापडाची दोन टोकं धरली आणि मामींनी वरून ओतलं. माझ्याकडचं टोक खाली गेलं. आई ओरडली, "नीट धर गो, लग्न हाय लोकाचं!" काळं पाणी खाली आलं, जरा हळूच, पण आलं. मामींनी दूध-साखर घालून पेला वरखाली केला, एक घोट घेतला, जिभेवर घोळवला. मग म्हणाल्या, "चलेगा." आणि नाकातल्या चमक्या सारख्या करून पेले भरायला लागल्या.

पाहुणे कॉफी प्यायले. कुणी फेकली नाही. मुलाच्या आत्याबाई तमिळमध्ये काहीतरी बोलल्या, ते गीताने मला नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, चव जरा वेगळी आहे, पण इकडचं पाणीच वेगळं असणार. बिचाऱ्या आमच्या पाण्यावर सगळं ढकललं गेलं.

इथे हे प्रकरण संपलं असतं तर मी ते लिहिलं नसतं. पुढच्या गुरुवारी मामी उरलेली कॉफी घेऊन गिरणीत आल्या. भांडायला नव्हे, काळजीने. "भाऊ, पत्थर देखो. कुछ हुआ है." बाबांनी चिमूट घेतली, अंगठ्याने चोळली, उजेडात धरली. मी मागे पोत्यांची तोंडं बांधत होते. बाबा म्हणाले, "दगड गुळगुळीत झालाय वाटते. टाकी लावाया पायजे." टाकी लावायची म्हणजे वरचा दगड उतरवून, छिन्नी-हातोडीने त्याच्या खाचा पुन्हा कोरायच्या. दगडाची धूळ पिठाच्या धुळीपेक्षा वाईट. डॉक्टरांनी आठ दिवसांपूर्वीच बजावलं होतं.

शुक्रवारी सकाळी शेजारच्या दोघांनी दगड उतरवून दिला आणि बाबा गोणपाटावर बसले, तोंडाला पंचा बांधून. टक, टक, टक, मग खोकला. पुन्हा टक, टक. दुपारी खोकला थांबेना, तेव्हा बाबांनी सफाळ्याला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर निरोप धाडला, रविवारी दिन्याला घेऊन या म्हणून. तो निरोप मी माझ्या कानांनी ऐकला. गिरणी माझ्या हातून जात होती ती माझ्या गप्प बसण्याने, आणि खरं बोलले असते तरी जाणारच होती. काय करावं ते कळेना, म्हणून मी त्यांना पाणी नेऊन देत होते. त्या दिवशी मी किती वेळा पाणी नेलं असेल देव जाणे. माझा मला राग यायचा तो आजही येतो.

शनिवारी ते पुन्हा बसले. गिरणी बंद, गिऱ्हाइकं परत जात होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, आणि बाबांनी पंचा खाली करून तो घ्यायला हात पुढे केला, तेव्हा मला त्यांचे ओठ दिसले. दगडाच्या धुळीने राखाडी झालेले.

"बाबा, दगडाला काय झालेलं नाय," मी म्हणाले. "चाक मी आवळलं होतं."

त्यांनी हात मागे घेतला. "किती?"

"नाचणीला आवळता त्याहून जास्त."

"काफीला?"

"लग्नाची होती म्हणून."

त्यांनी हातोडी खाली ठेवली. मला वाटलं आता मारतील. आयुष्यात त्यांनी माझ्यावर हात उगारला नव्हता, पण त्या वेळी उगारला असता तर मला बरं वाटलं असतं. "दोन दिस मी ही धूळ खातोय," ते म्हणाले, "आनि तू मला पानी आनून देतेस?" गिरणी बंद होती, ओरडायची गरज नव्हती, आणि ते ओरडलेही नाहीत. "दळन माझा बी बिघडलाय. कितीदा तरी. पन मी दगडाचा नाव नाय सांगितला कोनाला. जा. आदी मामीला सांगून ये."

मी कॉलनीपर्यंत चालत गेले. मामींनी सगळं ऐकलं, आणि त्या रागावल्या, चांगल्याच रागावल्या. अर्धं तमिळ, अर्धं हिंदी. माझ्या मुलीचं लग्न, मी माझ्या भाजण्याला दोष देत होते, आणि तू तिथे उभी होतीस? मी मान खाली घालून ऐकत होते. कॉफी विचारली नाही त्यांनी त्या दिवशी. दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "गुरुवार को मैं खुद आएगी. सामने बैठेगी." पुढे तसंच केलं त्यांनी. बदली होईपर्यंत दर गुरुवारी स्टूल टाकून चाकासमोर बसायच्या.

मी परत आले तेव्हा बाबा दगडाच्या बाजूला भिंतीला टेकून बसले होते. अर्ध्या दगडावर नव्या खाचा, पांढऱ्या, आणि अर्धा तसाच. मला वाटलं होतं, आता नको म्हणतील, राहू दे म्हणतील. त्यांनी छिन्नी माझ्या पायाशी सरकवली आणि आपल्या तोंडाचा पंचा सोडून माझ्याकडे टाकला.

"दगडाला काय झालेला नव्हता. पन अर्धा कोरलाय म्हंजे पुरा कराया पायजे. बस."

मी बसले. छिन्नी कशी तिरकी धरायची, मधून कडेकडे कसं जायचं, कुठे खोल, कुठे उथळ, ते लांबून सांगत होते. चुकलं की "आईशपथ, ह्या काय!" म्हणून ओरडायचे. संध्याकाळपर्यंत दगड पुरा झाला आणि माझ्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली. आईने हळद लावून फडकी बांधली. रात्रीचं जेवण तिनेच मला भरवलं.

रविवारी काका आले. दिन्या मागे, हातात पत्र्याची पेटी, नवा शर्ट. काकांनी चप्पल काढता काढताच म्हटलं, "आनला बघा तुमच्यासाठी." मी आतल्या दारात उभी होते. मी काही मागायला गेले नाही, रडलेही नाही. माझ्या हातून दळण बिघडलं होतं आणि ठरलेलं ठरलेलं होतं. बाबांनी दिन्याच्या पेटीकडे पाहिलं, मग माझ्या बांधलेल्या हातांकडे.

"गिरणीला मानूस हाय," बाबा म्हणाले. "तुमी दोघं जेवून जा."